दुखणे अंगावर का काढले जाते? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात घरातील अन्नाची चणचण आणि उपचारांविषयीचे निर्णय यांवर झालेल्या अर्थशास्त्रीय संशोधनाचा परिचय करून दिला होता. त्यातला मुख्य मुद्दा असा होता की, ज्या घरात महिनाअखेरीस किराणा पुरत नाही त्या घरात डॉक्टरकडे कधी जायचे, कोणती तपासणी पुढे ढकलायची आणि गोळ्या पूर्ण घ्यायच्या की निम्म्या, हे सारे स्वयंपाकघरातल्या हिशेबावरून ठरते. आरोग्यधोरण मात्र हे निर्णय दवाखान्यात होतात असे गृहीत धरून आखले जाते. या लेखावर इंदूर, देवास आणि उज्जैन येथील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून येथे घेतले आहेत.

प्रश्न : इंदुरात मध्यरात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत पाय ठेवायला जागा नसते, सकाळी पोहे-जिलेबीच्या गाड्यांवर गर्दी असते आणि गरिबाला कंट्रोलच्या दुकानातून गहू-तांदूळ फुकट मिळतो. अशा शहरात ‘अन्न-असुरक्षितता’ हा शब्द अतिशयोक्त वाटतो. येथे उपाशी झोपणारी माणसे असून असून किती असणार? (निवृत्त बँक अधिकारी, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : उपाशी झोपणे ही या प्रक्रियेची शेवटची पायरी आहे आणि संशोधक तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ पासून जगभर वापरात आणलेल्या प्रश्नावलीत आठ प्रश्न आहेत आणि त्यांचा क्रम बोलका आहे. गेल्या बारा महिन्यांत पैशाअभावी अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, हा पहिला प्रश्न. त्यानंतर पौष्टिक अन्न घेणे जमले नाही का, मोजक्याच प्रकारचे अन्न खावे लागले का, एखादे जेवण टाळावे लागले का, भुकेपेक्षा कमी खाल्ले का, घरातील अन्न संपले का, भूक असूनही खाल्ले नाही असे झाले का, आणि सगळ्यांत शेवटी, संपूर्ण दिवस अन्नावाचून गेला का. अमेरिकेच्या कृषी खात्याची प्रश्नावली अठरा प्रश्नांची आहे. तिचाही चढता क्रम साधारण असाच आहे. याच पद्धतीने मोजले असता २०२३ मध्ये अमेरिकेतील १३.५ टक्के कुटुंबे अन्न-असुरक्षित ठरली. अमेरिकेतही खाण्याच्या जागा ओस पडलेल्या नव्हत्या, हे लक्षात घ्यावे.

आपण रेशनचा उल्लेख केला आहे, तो योग्यच आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबांना कुटुंबामागे पस्तीस किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. या धान्यामुळे आठ प्रश्नांपैकी शेवटच्या काहींना ‘होय’ म्हणणाऱ्यांची संख्या नक्कीच कमी राहते. तरीही माणशी पाच किलो म्हणजे रोजचे सुमारे १६५ ग्रॅम धान्य, म्हणजे साधारण पावणेसहाशे कॅलरी. कष्टाचे काम करणाऱ्या माणसाची गरज याच्या तिपटीहून अधिक असते. उरलेले धान्य आणि त्यासोबतची डाळ, तेल, भाजी, दूध बाजारातूनच आणावे लागते. त्यामुळे आपल्याकडील बहुसंख्य गरजू घरांची स्थिती पहिल्या तीन-चार प्रश्नांना ‘होय’ आणि शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ अशी असते. पोळी असते, पण वरण पातळ होत जाते, दूध चहापुरतेच उरते, फळ आजारपणापुरते आणि मग आजारपणातही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, आणि ज्याचे आरोग्य बिघडायचे त्याचे याच टप्प्यावर बिघडू लागते.

प्रश्न : आमच्याकडे बरीच वर्षे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्या कधी घेतात, कधी निम्म्या घेतात, कधी ‘संपल्या’ म्हणतात. मी रागावते, डॉक्टर त्याहून रागावतात, आणि त्या मान खाली घालून ऐकून घेतात. त्या समंजस आहेत, हिशेबाला पक्क्या आहेत; मग स्वतःच्या जिवाबाबत असा निष्काळजीपणा का? (निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘हिशेबाला पक्क्या आहेत’ या शब्दांतच बरेचसे उत्तर आहे, असे मला वाटते.

मर्यादित उत्पन्नाच्या घरातील खर्चांची एक वेगळी विभागणी करून पाहावी. घरभाडे निम्मे देता येत नाही. शाळेची फी, विजेचे बिल, बचत गटाचा किंवा फायनान्स कंपनीचा हप्ता हे एकरकमी खर्च आहेत. ते चुकले तर लगेच कोणीतरी दारात उभे राहते. याउलट अन्न आणि औषध हे दोन खर्च हवे तितके बारीक कापता येतात. अर्ध्या किलोऐवजी दीड पाव तूरडाळीत आठवडा काढता येतो, आणि मेडिकलच्या दुकानात ‘पूर्ण पत्ता नको, चार गोळ्या सुट्या द्या’ असे म्हणता येते. त्यातही किराणा दुकानदार ओळखीचा असल्याने वहीत उधारी लिहून घेतो. औषधाच्या दुकानात ती सोय सहसा नसते. रक्तदाबाची गोळी दोन दिवस चुकली तर अंगाला काही जाणवत नाही, घरात भाजी नसेल तर ते मुलांच्या तोंडावर लगेच दिसते. अशा स्थितीत सर्वांत आधी कात्री कोठे लागणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. मात्र हे किती घरांत आणि किती प्रमाणात घडते ते मोजायला तो लागतो.

हे मोजले गेले आहे. सेथ बर्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांपैकी साधारण तिघांपैकी एकाला अन्न, औषध किंवा दोन्ही परवडत नसल्याचे आढळले. त्याच वर्षी हिलरी सेलिगमन यांच्या गटाने कॅलिफोर्नियातील २००० ते २००८ या काळातील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली गेल्यामुळे दाखल होण्याचे प्रमाण कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी अधिक होते. अधिक उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये महिन्याच्या तारखेनुसार असा फरक आढळला नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू, पण महिनाअखेरीस ताट रिकामे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या निष्कर्षावरून आपल्या बाईंकडे पुन्हा पाहावे. इन्सुलिन आणि साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या माणूस जेवला आहे की नाही याची वाट न पाहता काम करतात. ज्या बाईला एकदा रिकाम्या पोटी गोळी घेतल्यावर घाम फुटून चक्कर आली आहे, ती पुढच्या वेळी जेवणाची खात्री नसताना गोळी टाळते. यात निष्काळजीपणा कोठे आहे? उलट, डॉक्टरांनी न विचारलेल्या प्रश्नाचे तिने स्वतःपुरते शोधलेले उत्तर आहे, जरी ते वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आणि धोक्याचे असले तरी. म्हणून त्यांना रागावण्यापेक्षा, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या वेळी खरोखर जेवण होते, हे डॉक्टरांपुढे स्पष्ट सांगण्यास मदत करावी. त्यानुसार औषध बदलणे अनेकदा शक्य असते. गोळ्यांचे प्रमाण मनाने कमी-जास्त करू नये, हे वेगळे सांगायला नको. जनऔषधी केंद्रात तीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात, त्याचीही चौकशी करता येईल.

हिशेबाला आणखी एक बाजू आहे. २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तामिळनाडूतील ऊस-शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच शेतकऱ्यांची ऊस तोडण्यापूर्वी, म्हणजे हाती पैसा नसताना, आणि ऊस विकल्यानंतर अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली. पहिल्या वेळी त्यांचे गुण स्पष्टपणे कमी होते. माणूस तोच असताना पैशाच्या ओढाताणीने विचार करण्याची उसंत कमी होते, असे लेखकांचे म्हणणे होते. सकाळी रिकाम्या पोटी, दुपारी जेवणानंतर आणि रात्री अर्धी अशी तीन औषधांची वेळापत्रके सांभाळणे हेही बौद्धिक कामच आहे, हे लिहून देणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आणि शेवटचा मुद्दा, जो आपल्या पत्रात आला नाही पण यावयास हवा होता. चणचण घरात सारखी वाटली जात नाही. स्टेफान डेर्कॉन आणि प्रमिला कृष्णन यांनी इथिओपियातील खेड्यांचा अभ्यास करून २००० मध्ये दाखवले की, दक्षिणेकडील गरीब घरांमध्ये आजारपणाचा धक्का बसला की त्याचा भार प्रामुख्याने स्त्रियांच्या शरीरावर, म्हणजे त्यांच्या वजनावर पडतो. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आढळले. स्त्रीची लोहाची गरज मुळातच अधिक असते, त्यामुळे हा सगळा फरक ताटातल्या वाटणीचा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाण्याची रीत ज्या घरांत आहे, मग ते घर मराठी असो की माळवी, तेथे वाटणीचा संबंधच नाही असेही कोणी म्हणू नये.

प्रश्न : एम. वाय. या सरकारी रुग्णालयात केसपेपर जवळजवळ फुकट, औषधे फुकट. तरीही आमच्या वस्तीतील मजूर गल्लीतल्या ‘डॉक्टर’कडे शंभर-दोनशे रुपये मोजतात, आणि त्या डॉक्टरची पदवी कोणी पाहिलेली नाही. हातात पैसा नाही म्हणतात, मग हे काय? (किराणा व्यापारी, मालवा मिल परिसर, इंदूर)

उत्तर : मोफत उपचाराची किंमत वेळेत मोजावी लागते. रोजंदारीवर जाणाऱ्याने सकाळची रांग, मग तपासणीची रांग, मग अहवालासाठी दुसऱ्या दिवशी फेरी असे केले तर दोन दिवसांची मजुरी जाते, आणि ज्या घरात रोजच्या मजुरीतून रोजचा किराणा येतो त्या घरात मजुरी गेली म्हणजे संध्याकाळचे जेवण गेले. गल्लीतला डॉक्टर संध्याकाळी सातनंतर भेटतो, दहा मिनिटांत मोकळे करतो, पुडीत गोळ्या बांधून देतो आणि प्रसंगी ‘पुढच्या आठवड्यात द्या’ म्हणतो. आपण स्वतः उधारी देता, त्यामुळे या शेवटच्या सोयीचे मोल आपल्याला ठाऊकच आहे.

दर्जाच्या बाबतीत आपल्याच राज्यातील एक अभ्यास महत्त्वाचा आहे. जिष्णु दास, आलाका होला, आकाश मोहपाल आणि कार्तिक मुरलीधरन या अर्थशास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशाच्या ग्रामीण भागात प्रशिक्षित ‘बनावट रुग्ण’ पाठवून डॉक्टर काय विचारतात आणि काय देतात याची नोंद केली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक खासगी वैद्यांकडे पदवी नव्हती, तरी त्यांनी सरकारी केंद्रांतील वैद्यांपेक्षा रुग्णाला अधिक प्रश्न विचारले, आणि योग्य उपचार सांगण्याचे प्रमाण दोन्हींकडे सारखेच होते. एकच डॉक्टर सरकारी नोकरीपेक्षा स्वतःच्या दवाखान्यात अधिक काळजीपूर्वक काम करत असल्याचेही दिसले. हा ग्रामीण भागाचा अभ्यास आहे; इंदुरातील मोठ्या रुग्णालयाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण मजूर मूर्खपणाने पैसे उधळतो, हे मत बाजूला ठेवायला तो पुरेसा आहे. यात अपाय नाही असे मात्र समजू नये: त्याच अभ्यासात फी जितकी जास्त तितकी अनावश्यक औषधेही जास्त होती, आणि ती औषधे घरातल्या दूध-भाजीच्या पैशातून येतात.

प्रश्न : आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार होतात. मग आणखी काय हवे? (उज्जैन)

उत्तर : सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेने मोठ्या शस्त्रक्रियेपायी जमीन किंवा दागिने विकण्याची वेळ अनेक घरांवरून टाळली असेल, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता तिचा लाभ मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस सोडले, तर बाहेरच्या बाहेर घेतलेले उपचार, दरमहाच्या गोळ्या, नियमित तपासण्या तिच्यात येत नाहीत. बुडालेली मजुरी आणि रुग्णाजवळ बसणाऱ्याचे जेवण तर कोणत्याच कार्डावर येत नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे आणि उरलेला आकडाही मोठा आहे.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डॉक्टर आणि रुग्णालय सर्वांना सरकारी खर्चाने मिळते. कमावत्या वयातील बहुतेकांना औषधे मात्र विकत घ्यावी लागतात. तेथे व्हॅलरी टारासुक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की, तीव्र अन्न-असुरक्षित घरांतील प्रौढांवरचा वार्षिक आरोग्यखर्च अन्न-सुरक्षित घरांतील प्रौढांपेक्षा ७६ टक्क्यांनी अधिक होता, आणि सरकारी योजनेतून दिलेली औषधे धरली तर १२१ टक्क्यांनी. रोज लागणारी स्वस्त गोळी आणि डाळ वाचवून माणूस अखेरीस जेथे पोहोचतो, ती रुग्णालयाची खाट सर्वांत महाग असते, आणि तेथे पैसे देण्यास सरकार तयार असते. या क्रमाचा विचार योजना आखताना फारसा होत नाही, अशी माझी तक्रार आहे.

प्रश्न : मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. चणचण असलेल्या घरांत आजार अधिक दिसतात, हे ठीक. पण आजारामुळे नोकरी जाते, उत्पन्न घटते आणि मग चणचण येते असेही असू शकते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवतात कसे? (देवी अहिल्या विश्वविद्यालय, इंदूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि वर दिलेला ओंटारिओचा आकडा या शंकेपुढे पूर्णपणे टिकत नाही, आजारी माणसे गरीब होतात हा भाग त्यात मिसळलेला असणारच. कॅलिफोर्नियातील अभ्यासाची युक्ती याच कारणाने चांगली आहे. माणूस महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कमी आजारी आणि चौथ्या आठवड्यात अधिक आजारी असण्याचे वैद्यकीय कारण नाही. महिन्याबरोबर बदलतो तो हातातला पैसा. त्याच गावातील सुखवस्तू लोकांत हा चढउतार नसेल, तर संशय पैशावर आणि अन्नावर अधिक बळावतो.

यापुढची पायरी चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची. झारखंडमध्ये अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरांवर असा प्रयोग केला. २,८०० रुग्णांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक व्यक्ती त्यात होत्या. रुग्णाला दोन्ही गटांत धान्य मिळाले. एका गटात घरातील इतरांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या गटातील इतरांना मिळाल्या नाहीत. ज्यांना मिळाल्या त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि थुंकीच्या तपासणीत सिद्ध होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी राहिले. औषध कोणतेही नवे नव्हते. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले.

मात्र २०२३ मध्येच अगदी उलट निकाल देणारा एक प्रयोगही पुढे आला, आणि तो विद्यार्थ्यांनी अधिक बारकाईने वाचावा असे मला वाटते. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ डॉयल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मधुमेह अनियंत्रित असलेल्या ४६५ अन्न-असुरक्षित रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला सहा महिने, संपूर्ण घराला आठवड्यातील दहा जेवणांना पुरेल इतका सकस किराणा, शिवाय आहारतज्ज्ञाचा सल्ला दिला. त्या गटातील तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा १.५ अंकांनी उतरला. दुसऱ्या गटाला यांपैकी काहीच मिळाले नव्हते, आणि त्यांचा आकडाही १.३ अंकांनी उतरला. दोहोंतील फरक नगण्य ठरला. दुसरा गट नसता, तर याच कार्यक्रमाची यशोगाथा छापून आली असती. साखर अतिशय वाढलेली असताना निवडलेल्या रुग्णांची साखर पुढे काही प्रमाणात आपोआप उतरते, आणि त्यांच्यावर नेहमीचे उपचारही चालू असतात.

या दोन प्रयोगांत विसंगती आहे का? मला तरी दिसत नाही. झारखंडमध्ये मुळात कॅलरी आणि प्रथिनेच कमी होती आणि क्षयरोग कुपोषित शरीरात बळावतो, त्यामुळे अन्न हेच तेथे निर्णायक होते. मधुमेहात पोटभर अन्न ही अनेक अटींपैकी एक अट आहे. औषध, वेळ, कामाच्या पाळ्या, झोप या बाकीच्या अटी पिशवीभर भाजीने पुऱ्या होत नाहीत. ‘अन्न हेच औषध’ हे घोषवाक्य ऐकायला छान आहे, पण कोणत्या रोगावर आणि कोणत्या घरात, हे विचारल्याशिवाय त्याला संशोधनात जागा नाही.

अन्नाचा थेट ‘निर्णयावर’ परिणाम पाहायचा असेल तर उदयपूर जिल्ह्याकडे जावे लागेल. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रॅचेल ग्लेनर्स्टर आणि ध्रुव कोठारी यांनी १३४ गावांत केलेला हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची व्यवस्था असलेल्या गावांत ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले. जेथे दरमहा ठरल्या दिवशी शिबिर न चुकता भरत होते तेथे १८ टक्के. आणि जेथे शिबिरात प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ व शेवटी थाळ्यांचा संच मिळत होता तेथे ३९ टक्के. लसीला विरोध असता तर किलोभर डाळीने तो मावळला नसता. आईने मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन यावे, त्या दिवशीची भरपाई डाळीने थोडी तरी व्हावी, इतकेच ते होते. नर्स शिबिरात बसलेलीच असल्याने, अधिक मुले आली तेव्हा पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च डाळ धरूनही जवळपास निम्म्यावर आला.

प्रश्न : सरकारने धान्य द्यावे की रोख पैसे? (देवास)

उत्तर : एकच उत्तर नाही. धान्य महागाईत टिकते आणि घरातच राहते. रोख रकमेतून डाळ, औषध किंवा रिक्षाचे भाडे, जे अडले असेल ते भागते. आपल्या राज्यात जून २०२३ पासून लाडली बहना योजनेचे पैसे थेट स्त्रीच्या खात्यावर येतात आणि पाच किलोचे धान्यही चालू आहे, तेव्हा दोन्हींपैकी एकच निवडावे लागेल असे गृहीत धरण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : माझा छोटा दवाखाना आहे. रोज साठ-सत्तर रुग्ण असतात. आठ किंवा अठरा प्रश्न विचारायला सवड नाही. नेमके काय करता येईल? (जनरल प्रॅक्टिशनर, परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर : दोन प्रश्न पुरतात. अठरा प्रश्नांच्या प्रश्नावलीतील पहिल्या दोन विधानांवर बेतलेली छोटी चाळणी २०१० मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात तपासून प्रसिद्ध झाली आणि २०१५ पासून तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती वापरण्याची शिफारस केली आहे. गेल्या वर्षभरात, हाती पैसे येण्यापूर्वी घरातले धान्य-किराणा संपेल अशी काळजी कधी वाटली का, आणि आणलेले पुरले नाही व आणखी आणायला पैसे नव्हते असे कधी झाले का. यांपैकी एकाला जरी ‘कधीकधी’ असे उत्तर आले तरी ते घर चणचणीत आहे असे समजावे. प्रश्न सासू, नवरा किंवा मालकीणबाई समोर नसताना विचारावा, कारण त्यांच्या देखत उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते.

‘होय’ म्हणणाऱ्या मधुमेही रुग्णाला जेवण चुकल्यास कोणती गोळी घ्यायची नाही, हे त्याच्या भाषेत सांगावे, आणि शक्य तेथे साखर एकदम न उतरवणारे औषध निवडावे. तपासण्या लिहिताना आज अत्यावश्यक कोणत्या आणि महिन्याभराने चालतील अशा कोणत्या, हे चिठ्ठीवर वेगळे लिहावे. नाहीतर ती निवड रुग्ण स्वतः करतो आणि स्वस्तातली करतो. पाच औषधांपैकी पैसे कमी पडले तर कोणते एक सोडायचे नाही, हेही सांगून ठेवावे. क्षयाचा रुग्ण असेल तर निक्षय (क्षयरुग्णांची सरकारी) नोंदणी आणि बँक खाते जोडले गेले आहे का हे पाहावे, आणि रेशनची पात्रता पर्ची नसेल किंवा ई-केवायसीअभावी एखादे नाव गळाले असेल तर वॉर्ड कार्यालयात पाठवावे. पुढच्या भेटीची तारीख पगाराची किंवा मजुरीच्या हिशेबाची तारीख विचारून त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतली द्यावी. महिन्याच्या २५ तारखेला बोलावलेला रुग्ण बहुधा येत नाही, आणि आला तरी औषध घेऊन जाण्याइतके पैसे त्याच्याजवळ नसतात.